अकरा महिन्यांचा हिशेब

पुण्यात परवडणारे भाड्याचे घर मिळते का, हा प्रश्न गावाकडून येणारे नातेवाईक आणि आमच्या महाविद्यालयात नव्याने रुजू होणारे सहकारी मला नेहमी विचारतात. मिळते, असेच माझे उत्तर असते. मात्र मोबाइलवरच्या ॲपमध्ये सर्वांत कमी भाड्याची चाळणी लावून ते सहसा सापडत नाही, आणि परवडते की नाही हे ठरवताना महिन्याच्या भाड्यापेक्षा कराराच्या अकरा महिन्यांत खिशातून एकूण किती गेले ते मोजावे लागते. मी डेक्कनजवळ शिकवतो आणि पत्नीचे कार्यालय खराडीला आहे, म्हणजे आमची दोन तोंडे शहराच्या दोन दिशांना आहेत. पुण्यातील बहुसंख्य नोकरदार जोडप्यांची स्थिती अशीच असते, म्हणून आमचा हिशेब थोडा तपशिलाने मांडतो.

घर शोधणारे बहुतेक जण परिसराच्या नावापासून सुरुवात करतात. कोथरूड, बाणेर, विमाननगर, मगरपट्टा ही नावे मनात धरायची आणि मग त्या नावाला परवडणारे घर शोधत बसायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. आधी रोजचा प्रवास कागदावर काढावा, त्यावरचे थांबे पाहावेत आणि त्या थांब्यांपासून पायी अंतरावर काय मिळते ते शोधावे. आमच्या बाबतीत हे काम मेट्रोने सोपे केले. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला, पुढे ऑगस्ट 2023 मध्ये ती रुबी हॉलपर्यंत आणि मार्च 2024 मध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली. रामवाडीहून खराडीला जायला बस किंवा शेअर रिक्षा मिळते. त्यामुळे वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी ही स्थानके एका टोकाला आणि चंदननगर, वडगाव शेरी हे भाग दुसऱ्या टोकाला, एवढाच आमचा नकाशा उरला आणि बाकीचे बहुतेक पुणे डोक्यातून काढून टाकता आले. हिंजवडीत काम करणाऱ्यांचा नकाशा अर्थातच वेगळा असतो. वाकडचे भाडे झेपत नसेल तर ताथवडे, पुनावळे, मारुंजी येथे चौकशी होते, पण तेथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, भूमकर चौकातून सकाळी नऊ वाजता बाहेर पडायला किती वेळ लागतो तो मोजावा. शिवाजीनगर ते हिंजवडी या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचा मोबदला घरमालकांनी ती पूर्ण होण्याच्या पुष्कळ आधीपासूनच भाड्यात धरायला सुरुवात केली होती, हेही लक्षात ठेवावे.

आता आकडे. आमच्यापुढे शेवटी दोन पर्याय उरले होते आणि दोन्ही वन बीएचके होते. या नकाशाबाहेरच्या, पण भाडे कमी म्हणून यादीत राहिलेल्या सिंहगड रस्त्याकडच्या धायरीतील घराचे भाडे 12,000 रुपये होते, तर वनाझजवळच्या जुन्या इमारतीतील घराचे 17,000 रुपये. नुसती जाहिरात पाहिली तर पाच हजारांचा फरक दिसतो आणि माणूस धायरीकडे वळतो. परंतु धायरीत मेंटेनन्स एक हजार रुपये वेगळा होता आणि टँकरच्या वर्गणीपोटी तेवढेच आणखी द्यावे लागणार होते. पत्नीला रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास दुचाकी चालवावी लागली असती, म्हणजे महिन्याला सुमारे 2,900 रुपयांचे पेट्रोल, आणि माझे 1,400 रुपये वेगळे. ही बेरीज 18,300 होते. वनाझच्या घरात मेंटेनन्स भाड्यातच होता आणि पाणी महापालिकेचे होते. पत्नीचा मेट्रोचा आणि पुढच्या शेअर रिक्षाचा खर्च मिळून अडीच हजार आणि माझ्या पेट्रोलचे पाचशे धरले की बेरीज 20,000 होते. जाहिरातीतील पाच हजारांचा फरक असा 1,700 रुपयांवर आला. धायरी तरीही स्वस्तच होती, हे मान्य करायला हवे. ज्याला महिन्याचे सतराशे रुपये खरोखर मोलाचे आहेत त्याने तेथेच राहावे. आम्हाला मात्र पत्नीचे सिंहगड रस्त्यावर रोज जाणारे तास अधिक महाग वाटले.

या बेरजेत दलाली धरलेली नाही. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारासाठी एक महिन्याचे भाडे दलालीपोटी मागण्याची रीत आहे, क्वचित पंधरा दिवसांच्या भाड्यावर तडजोड होते. सतरा हजारांची दलाली अकरा महिन्यांत विभागली तर महिन्याला दीड हजारांहून अधिक पडते, म्हणजे धायरी आणि वनाझ यांच्यातील फरक जवळजवळ तेवढाच झाला. मध्यस्थाशिवाय घर मिळाले तर महागडे वाटणारे घर स्वस्त घराच्या पातळीवर उतरते, हे गणित पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी शोधण्याची पद्धतच बदलली.

कमी भाड्याची घरे परिसराच्या आत नेमकी कोठे दडलेली असतात, याविषयी माझे काही ठाम मत बनले आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत 1980 आणि 1990 च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली सहकारी सोसायट्या पुष्कळ आहेत. त्यांना लिफ्ट नाही, चारचाकीला जागा नाही, जिम किंवा पोहण्याचा तलाव हा तर प्रश्नच नाही. अशा इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर ज्येष्ठांना नको असते, लहान मुले असलेल्यांना नको असते आणि मोटार असलेल्यांनाही नको असते, त्यामुळे त्याच रस्त्यावरच्या नव्या संकुलातील तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घरापेक्षा ते बऱ्याच कमी भाड्यात मिळते. एप्रिल-मे महिन्यांत वर गच्ची असल्याने घर तापते आणि सिलिंडरवाल्याला वर चढवण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. एवढे सोडले तर त्या घरात आणि शेजारच्या उंच इमारतीतील घरात राहण्याच्या दृष्टीने मला मोठा फरक जाणवत नाही. खोल्या उलट अधिक मोठ्या असतात.

या जुन्या इमारतींना सध्या पुनर्विकासाने घेरलेले आहे आणि त्याचे दोन परिणाम भाडेकरूला भोगावे लागतात. इमारत पाडायला घेतली की तेथील सगळी कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी बाहेर पडतात. त्यांचे भाडे बिल्डर देतो आणि मुलांच्या शाळेमुळे त्यांना त्याच परिसरात राहायचे असते. साहजिकच ती फार घासाघीस करत नाहीत आणि आसपासचे दर चढतात. दुसरीकडे, ज्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे पण परवानग्या रखडल्या आहेत, तेथील मालक घर रिकामे ठेवण्यापेक्षा कमी भाड्यात द्यायला तयार असतात. कधी सूचना मिळून उठावे लागेल याची तयारी असेल तर अशी घरे अवश्य घ्यावीत. एकटे राहणाऱ्याला किंवा सामान कमी असलेल्या जोडप्याला हा सौदा फायद्याचा आहे. शाळेत जाणारे मूल असेल तर मी तो सुचवणार नाही.

शहराच्या कडेला जी खरोखर स्वस्त घरे आहेत त्यांच्याविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली. धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगाव पहिल्या टप्प्यात आली, तर नऱ्हे, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही दुसऱ्या. हद्दीत आले म्हणजे नळाला पाणी आले असे झालेले नाही. अनेक ठिकाणी विहीर, बोअर आणि टँकर यांवरच इमारती चालतात, आणि गुंठेवारीतील, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या, बांधकामांत तर सांडपाण्याची वाट कोठे जाते हेही विचारून घ्यावे लागते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न थेट बातम्यांत आला, तोपर्यंत भाड्याचे घर पाहताना पाणी कोणते, हा प्रश्न लोक शेवटी विचारत असत. तो पहिला असावा. पाणी दिवसातून किती वेळ येते, पिण्याचे आणि वापरायचे वेगळे आहे का, टँकरचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, आणि मे महिन्यात काय स्थिती असते, हे मालकाला विचारण्यापेक्षा खालच्या मजल्यावरील भाडेकरूला विचारावे. मालक खोटे सांगतो असे नाही, पण तो तेथे राहत नसतो.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचे जग याहून वेगळे आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीतील एका खाटेच्या हिशेबाने जागा मिळते; अभ्यासिका आणि मेस चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने प्रवासखर्च शून्य होतो आणि म्हणूनच तेथे राहणे परवडते. पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर, म्हणजे देहूरोड किंवा तळेगावला राहून शिवाजीनगरला येणारेही आहेत. त्यांनी लोकलचे वेळापत्रक नीट पाहून घ्यावे, कारण दुपारी गाड्यांमध्ये मोठे अंतर असते. पीएमपीच्या बसच्या भरवशावर घर घेणाऱ्यांनी जून 2025 पासून मासिक पास 900 वरून 1,500 रुपयांवर गेला आहे, ही गोष्ट हिशेबात धरावी.

शोधायचे कसे, याबाबत मी जुन्या वळणाचा आहे. ज्या चार-पाच गल्ल्या ठरवल्या आहेत त्यांत रविवारी सकाळी पायी फिरावे. गेटवर दोरीने बांधलेली 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी अजूनही पुण्यात दिसते, आणि ती लावणारा मालक बहुधा सेवानिवृत्त असतो, ॲपवर अनोळखी लोकांचे फोन घेण्याचा त्याला कंटाळा असतो आणि भाड्यापेक्षा माणूस कसा आहे याची त्याला अधिक काळजी असते. पाटी नसली तरी इस्त्रीवाला, वाणी, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई आणि सोसायटीचा वॉचमन यांना कोणते घर रिकामे होणार आहे ते पाटी लागण्याच्या आधी कळलेले असते. आमचे घर एका इस्त्रीवाल्या काकांनी सांगितले. त्यांना घर मिळाल्यावर आपणहून काही रक्कम द्यावी, ती दलालीच्या मानाने फारच थोडी असते. ॲप अगदीच टाकाऊ आहेत असे नाही. परिसरातील चालू दर समजून घ्यायला ती उपयोगी पडतात. फक्त घर न दाखवता टोकन मागणारा, आपण परगावी बदलीवर असल्याचे सांगणारा आणि फोटोंत फारच देखणे घर फारच कमी भाड्यात देऊ करणारा कोणी भेटला तर संभाषण तेथेच थांबवावे.

काळही महत्त्वाचा असतो. जून-जुलैमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश आणि शाळांची सुरुवात एकाच वेळी होते, तेव्हा मालकाला तुमची गरज नसते. पितृपंधरवड्यात मात्र नव्या घरात जायला लोक तयार नसतात, दलालांचे फोन शांत असतात आणि गणपतीनंतर रिकामे झालेले घर दसऱ्यापर्यंत तसेच राहणार याची मालकाला धास्ती असते. ज्याला या समजुतीचे वावडे नाही त्याने त्या पंधरा दिवसांत बोलणी करावीत. आम्ही तेव्हाच केली. सामान घटस्थापनेनंतर हलवले, म्हणजे मालकीणबाईंचेही समाधान झाले.

बोलणी सुरू झाली की प्रश्न येतात. "फॅमिली आहे ना?" हा पहिला, "गाव कोणते?" हा दुसरा आणि "आडनाव काय म्हणालात?" हा तिसरा. यांतील शेवटचे दोन प्रश्न कुतूहलातून आलेले असतात अशी स्वतःची समजूत घालून घेणे मला शक्य झालेले नाही. माझ्या एका मुस्लिम सहकाऱ्याला, नोकरी, पगार आणि कागदपत्रे माझ्यासारखीच असताना, मी पाहिलेल्या त्याच गल्लीत घर "आत्ताच गेले" असे सांगण्यात आले. अविवाहित मुलींना रात्री किती वाजता याल, कोण भेटायला येईल, हे विचारले जाते. अविवाहित मुलांना सोसायटीचा नियम दाखवला जातो. स्वस्त घर शोधण्याच्या युक्त्या सांगणाऱ्याने हेही सांगायला हवे की ज्यांना दहापैकी आठ दारे आधीच बंद असतात त्यांना उरलेल्या दोन दारांमागचे भाडे वाढवून द्यावे लागते.

करारात काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी पुरते, हे आजही अनेक मालक आणि दलाल सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. मुद्रांक शुल्क तसे किरकोळ आहे. करारकाळातील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते 0.25 टक्के लागते. सतरा हजार भाडे आणि पन्नास हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांसाठी ते पाचशे रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आहे. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस घरी येतो. एजंट यासाठी तीन-चार हजार सांगतात तेव्हा त्यांतील सरकारी रक्कम किती, एवढे विचारले तरी आकडा खाली येतो.

मालक नोंदणी टाळतात त्यामागे कारणे असतात. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे आणि घर भाड्याने दिले की ती जाते. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची वजावट घेताना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, तेव्हा भाड्याचे उत्पन्न आपोआप कागदावर येते. तिसरे कारण जुन्या भीतीचे आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्याने, म्हणजे लायसन्सवर, राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पेठांतील वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहणारी बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मालकांच्या मनातून 'कूळ लागेल', म्हणजे भाडेकरू कायमचा हक्क सांगेल, ही धास्ती अजून गेलेली नाही. वास्तविक 1999 च्या कायद्यातील कलम 24 मालकाच्या बाजूचे आहे: मुदत संपल्यावर लायसन्सीने, म्हणजे अशा करारावर राहणाऱ्याने, घर सोडले नाही तर त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. नोंदणीने मालकच अधिक सुरक्षित होतो, हे शांतपणे समजावून सांगितले की बरेच जण तयार होतात. आमच्या मालकांनी त्यांच्या वकील भाच्याला फोन करून खात्री केली आणि मग होकार दिला.

करार वाचताना माझे लक्ष तीन जागी असते. लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचे आहे आणि ते दोघांनाही लागू आहे की फक्त आपल्याला. घर सोडताना रंगकामापोटी किती रक्कम कापणार, कारण एक महिन्याचे भाडे कापण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते तो ना-भोगवटा आकार कोण भरणार. हा आकार मेंटेनन्समधील सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही असा राज्य सरकारचा 2001 चा आदेश आहे, त्यामुळे भाडेकरू ठेवला म्हणून मेंटेनन्स दुप्पट झाला, असे कोणी सांगितले तर सोसायटीचे बिल मागावे. किल्ली घेताना भिंतींचे, नळांचे, गिझरचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवावेत. डिपॉझिट परत घेताना त्या फोटोंइतकी मदत दुसरे काहीच करत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्यावी लागते, तीही तेव्हाच उरकून टाकावी.

आमचा पहिला करार यंदा संपला. मालकांनी दहा टक्के वाढ मागितली, आम्ही पाच म्हणालो आणि पाण्याची जुनी मोटर त्यांनी बदलून द्यावी या अटीवर सहा टक्क्यांवर ठरले. नूतनीकरणासाठी पुन्हा नोंदणी करावी लागली, तिचा खर्च निम्मा-निम्मा केला. यंदा त्या गल्लीत अशीच घरे वीस हजारांना जात आहेत, असे इस्त्रीवाले काका सांगत होते, आणि आमच्या समोरच्या जिन्यातील तिसऱ्या मजल्यावरचे घर पुढच्या महिन्यात रिकामे होत आहे. लिफ्ट नाही, पाणी सकाळी दोन तास येते, आणि दुचाकीलाच जागा आहे.